पोहे तयार, गाडी होतेय

इंदूरला जाणारा माणूस राजवाड्यासमोर फोटो काढतो, रात्री सराफ्यात खातो आणि दुसऱ्या दिवशी मांडू नाहीतर महेश्वर गाठतो. प्रस्तुत लेखकाने इंदुरात मुख्यतः पाहिलं ते देवास नाक्याकडचं एक गॅरेज. ते त्याने सर्व ऋतूंत नसलं तरी सर्व कोनांतून पाहिलं आहे. त्यावर पुस्तिका काढायची वेळ आली तर माहिती द्यायला तो केव्हाही तयार आहे.

दोष मांडूचा नाही. दोष डोंबिवलीच्या एका उंदराचा. गाडी बिल्डिंगखाली उभी असताना त्याने रेडिएटरचा रबरी पाइप चाखून पाहिला, आवडला नसावा, म्हणून अर्धवट सोडला. तो अर्धवट पाइप मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक, धुळे, सेंधवा करत निमूट आला, खलघाटला नर्मदाही ओलांडली, आणि धामनोद सोडून माळव्याच्या पठारावर चढताना मानपूरच्या घाटात फुटला. बॉनेटमधून वाफ आली. लेखकाचं मोटारविषयक ज्ञान पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे इथे संपतं, आणि गाडी डिझेलची आहे.

इंजिन मात्र खानदानी. फियाटचं ते १२४८ सीसीचं डिझेल इंजिन एके काळी फियाट, मारुती, टाटा, शेव्हरोले अशा अनेक घरांत नांदत होतं. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिनच म्हणत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि तो वंश थांबला. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अल्युमिनियमचं. तापलं की अल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पाणी असेपर्यंत दोघांचं जमतं. पाणी गेलं की हेड वाकतं, मधलं गॅस्केट जातं आणि पाणी-तेल एकमेकांत मिसळतं. देवास नाक्याच्या त्या गॅरेजातल्या उस्तादांनी डिपस्टिक बाहेर काढली तेव्हा तिला इंदुरी शिकंजीसारखा दाट, पिवळसर फेस लागला होता. (इंदूरची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची असते. ही माहिती लेखकाला त्या क्षणी नको होती.)

“भिया, इंजन उतरेगा,” उस्ताद म्हणाले. हेड उघडलं तर सिलिंडरना चरे पडलेले. म्हणजे ब्लॉक खरादवाल्याकडे, बोअरिंग, अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन, नव्या रिंगा. लेखक रेल्वेने घरी परतला आणि फोनवर इंजिनाची तब्येत विचारत राहिला. पावसाळा गेला. दिवाळी गेली. पिस्टन दिल्लीच्या कश्मीरी गेटहून निघाले होते, बिल्टी झाली होती, फक्त माल दिसत नव्हता. मग एके दिवशी फोन आला : “गाड़ी तैयार है.” लेखक त्याच रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसला.

गाडी तयार होती. इंजिन टेबलावर होतं.

इथे संतापायला हवं. लेखक घरून वाक्यं पाठ करून आला होता. पण इंदुरात भांडण सुरू करणं फार अवघड. तोंड उघडलं की त्यात पोहे जातात. वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर शेव, कांदा, जिरावनाची चिमूट, आणि शेजारी जिलबी. तोंडात जिलबी असताना “ग्राहक मंच” हा शब्द नीट उच्चारता येत नाही. “बस, शाम तक,” उस्ताद म्हणायचे. शाम झाली की “कल सुबह”. रात्री लेखक सराफ्यात जायचा, जिथे सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर भुट्टे का कीस आणि साबुदाण्याची खिचडी मांडली जाते. त्या मुक्कामात इंजिनाच्या पिस्टनपेक्षा लेखकाच्या पँटचं माप आधी वाढलं.

एका दुपारी तो माणिकबाग बघायला गेला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतलेला अत्याधुनिक महाल. तिथे आता केंद्रीय करखात्याचं ऑफिस आहे. या महाराजांकडे ड्यूसेनबर्ग होती, अमेरिकन गाडी आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली. तिचे पिस्टन कुठून यायचे आणि बिल्टी किती दिवसांत पोचायची, हे विचारायला फाटकाशी कोणी नव्हतं.

मुक्काम रामबागेत, मावशीकडे. मावशीचा जन्म इंदूरचा. तिचं मराठी शुद्ध आणि धीर हिंदी. “तू उगाच टेन्शन घेतोस. हो जाएगा,” ती म्हणाली. “कुमारांना देवासला आणलं तेव्हा गाणं तर राहू दे, बोलायचीसुद्धा बंदी होती. ते उठले की नाही?” लेखक गप्प बसला. १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि पुन्हा मैफलीत बसायला त्यांना १९५३ उजाडलं. एक फुफ्फुस कायमचं गेलं होतं. उरलेल्यावर त्यांनी छोट्या छोट्या ताना घेतल्या आणि अंथरुणावरून ऐकलेली माळव्याची लोकगीतं मैफलीत आणली. गॅरेजसमोरचा रस्ता सरळ त्याच देवासला जातो. त्यानंतर मात्र बिल्टीबद्दल आवाज चढवायची लेखकाला लाज वाटू लागली.

इंजिन बसलं त्या संध्याकाळी उस्तादांनी पोराला “मार सेल्फ” म्हणून सांगितलं. दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा धरलं. काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही. उस्तादांनी एक लांब पेचकस घेतला, टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एकेका सिलिंडरवरून पेचकस सरकत गेला. मग त्यांनी तो लेखकाच्या हातात दिला. हाताला डिझेलचा वास, कानाला लाकडी मूठ, आणि आत चारही सिलिंडर स्वच्छ, एका लयीत. उस्ताद लेखकाच्या तोंडाकडे बघत होते, रागदारीतलं काही न कळणाऱ्या माणसाकडे गवई बघतो तसे नव्हे, त्याला नक्की कळलं असणार अशा खात्रीने. लेखकाने पाठ केलेली सगळी वाक्यं तिथेच रद्द झाली. बिल पाहिल्यावर त्यांतली दोन परत आठवली, ती गोष्ट वेगळी.

ट्रायलला बाहेर पडताच इंजिनाखाली तेलाचा थेंब पडला. हे कुठे घडावं? २०१७ ते २०२३ स्वच्छतेत ओळीने पहिलं आलेल्या शहरात, जिथे कचऱ्याची गाडीसुद्धा सकाळी गाणं वाजवत येते. उस्तादांनी आधी खिशातली चिंधी काढून रस्ता पुसला, मग नट आवळला. हा क्रम लेखकाने मुद्दाम टिपून ठेवला आहे.

सूचना मिळाली : नवं बोअर आहे, साठच्या वर जायचं नाही, पाचशे किलोमीटरला तेल बदलायचं. जवळच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, आशियातला सर्वांत लांब, तिथे गाड्या भन्नाट वेगाने तपासतात. लेखक डिकीत शेवेची पोती भरून, डावीकडची लेन धरून, कांद्याच्या ट्रकांना वाट देत घरी निघाला. बिजासनच्या घाटात एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त. काटा मध्यावर, ढिम्म.

पाचशे भरले ते शहापूरच्या आसपास. तिथल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि समस्त मेकॅनिक जमातीचा पहिला प्रश्न विचारला, “हे काम कुणी केलंय?” लेखकाने इंदूर म्हटलं आणि पुढच्या शिव्यांची वाट बघत उभा राहिला. गॅरेजवाला वाकला, टॉर्च मारला, बोटाने गॅस्केटची कड चाचपली.

“चांगलं केलंय,” तो म्हणाला, आणि तेलाचे दीडपट पैसे लावले.