गुडेलसाहेब, आपले आभार मानायचे राहूनच गेले

श्री. रॉजर गुडेल साहेब,
आयुक्त, नॅशनल फुटबॉल लीग, न्यू यॉर्क यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, कॉलिन केपर्निकच्या बाबतीत आपण जे केलंत आणि जे शिताफीने केलं नाहीत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत असं फार दिवस मनात होतं. १ जानेवारी २०१७ नंतर हा क्वार्टरबॅक आपल्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. बंदीचा हुकूम नाही, शिक्षेचा कागद नाही. बत्तीस संघ आहेत, त्यांतल्या एकानेही त्याच्याशी करार केला नाही, एवढंच. कुठेही सही न करता एका माणसाचा खेळ थांबवून दाखवल्याबद्दल आपलं अभिनंदन.

त्याचा खेळच उतरला होता, या आपल्या बाजूच्या खुलाशाबद्दलही मी ऋणी आहे. त्यात तथ्य आहे, ते लपवायचं कशाला? जानेवारी २०१३ मध्ये ग्रीन बेविरुद्ध एकाच सामन्यात तो १८१ यार्ड धावला. कुठलाही क्वार्टरबॅक त्याआधी एका सामन्यात एवढा धावला नव्हता. पुढच्याच महिन्यात सुपर बोल ३१–३४ असा निसटला. पुढे मात्र घसरण लागली. २०१५ मध्ये तो बाकावर बसला, दुखापती झाल्या, शस्त्रक्रिया झाल्या. २०१६ मध्ये त्याने सुरुवात केलेल्या ११ सामन्यांपैकी त्याच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने एकच जिंकला.

पण त्याच हंगामात त्याच्या पासवर १६ टचडाउन झाले आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती चेंडू गेला तो फक्त चार वेळा. आता आपल्या संघांनी कोणाला संधी दिली ते पाहू. २०१७ मध्ये मायामीने निवृत्त होऊन टीव्हीवर समालोचन करायला निघालेल्या जे कटलरला एक कोटी डॉलर देऊन परत बोलावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बफेलोने नेथन पीटरमनला पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरवलं आणि मध्यंतरापर्यंत त्याने पाच चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. हे दोघे नोकरीला लायक आणि केपर्निक नालायक, ही गुणवत्तेची पारख आपणच शिकवावी.

शिस्तीबद्दल तर आपले आभार मानावेत तेवढे थोडेच. २०१४ मध्ये रे राइस या खेळाडूने होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारहाण केली, तेव्हा आपण त्याला आधी दोन सामन्यांची शिक्षा दिलीत. लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आल्यावर ती वाढवावी लागली, ही गोष्ट वेगळी. केपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून काळ्या माणसांवरच्या पोलिसी अत्याचाराकडे लक्ष वेधलं. ना कोणाला हात लावला, ना शिवी दिली.

आणि तो गुडघा कसा टेकला गेला, हे आपल्या कानावर आलं नसेल असं कसं म्हणू? ऑगस्ट २०१६ मध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी नुसता बसून राहत होता. नेट बॉयर या माजी सैनिकाला ते खटकलं. बॉयर स्वतः फुटबॉलपटूही होता. त्याने पत्र लिहिलं, दोघे भेटले, बोलले. सैनिक आपल्या धारातीर्थी पडलेल्या साथीदाराच्या कबरीपुढे गुडघा टेकतात, तसं कर, असं बॉयरने सुचवलं. केपर्निकने ते मानलं. १ सप्टेंबरला सॅन दिएगोत तो आणि त्याचा संघसहकारी एरिक रीड गुडघ्यावर होते आणि बॉयर शेजारी छातीवर हात ठेवून उभा होता. दोन माणसांनी मतभेदातून एकत्र येऊन काढलेली ही वाट होती. तिला सैनिकांचा अपमान ठरवलं जात असताना आपण जो संयम राखलात, त्याला तोड नाही.

सैनिकांच्या सन्मानाचा विषय निघालाच आहे, तर तोही हिशेब आठवतो. मैदानावरच्या देशभक्तीच्या कार्यक्रमांसाठी अमेरिकेचं संरक्षण खातं संघांना पैसे मोजत होतं, हे २०१५ मध्ये सिनेटर मॅककेन आणि फ्लेक यांच्या अहवालातून बाहेर आलं. पुढच्या वर्षी आपल्या लीगने सात लाख डॉलरहून जास्त रक्कम परत केली. केपर्निकने गुडघ्याचे पैसे कोणाकडे मागितले नव्हते. उलट पदरचे दहा लाख डॉलर गरिबांत काम करणाऱ्या संस्थांना वाटले.

पुढे त्या गुडघ्याचेही पैसे झाले. मार्च २०१८ मध्ये आपण नायकेशी गणवेशाचा करार २०२८ पर्यंत वाढवलात आणि सप्टेंबरात त्याच नायकेने केपर्निकचा चेहरा जाहिरातीत झळकवला. लोकांनी बूट जाळले, शेअर आधी पडला, मग उच्चांकावर गेला. मैदानातल्या खेळाडूंची जर्सी नायकेची, बाहेर ठेवलेल्याचं पोस्टरही नायकेचंच. केपर्निकलाही पैसे मिळाले, मग त्याचं काय बिघडलं, असं आपले पाठीराखे विचारतात. टॉम ब्रेडी ४५व्या वर्षापर्यंत खेळला, साहेब. खेळायची गेलेली वर्षं कुठल्या जाहिरातीच्या चेकवर लिहून मिळतात?

सांता क्लारात, जिथे केपर्निकचा जुना सॅन फ्रान्सिस्को संघ खेळतो, तिथे आमची मराठी घरंही पुष्कळ आहेत. त्या घरांतली मुलं याच संघाची लाल जर्सी घालून मोठी झाली. त्यांना काय सांगायचं, तेही कृपया कळवावं.

जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, आपण खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं चित्रफितीत म्हणालात. त्यात केपर्निकचं नाव नव्हतं. नंतर मुलाखतीत आलं. एखादा संघ त्याला घेत असेल तर आपलं प्रोत्साहन राहील, असंही आपण म्हणालात. साडेतीन वर्षं न खेळलेल्या माणसासाठी हे औदार्य दाखवलंत, उपकार झाले. मैदानाच्या टोकाला वंशवाद संपवण्याचं आवाहनही रंगवलंत, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प प्रेक्षकांत असताना, ते तिथे नव्हतं.

आता एकच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करतो. संघांनी संगनमत करून बाहेर ठेवलं, अशी तक्रार केपर्निकने ऑक्टोबर २०१७ मध्ये केली. मालकांच्या शपथेवर साक्षी झाल्या. तक्रार फेटाळून लावा, ही आपली मागणी लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये नाकारली. मग सुनावणी पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तडजोड झाली आणि सगळं गुप्ततेच्या कलमाखाली गेलं. आपल्या मनात काही नसेल, तर त्या कलमातून केपर्निकला मोकळं करा आणि त्या साक्षी छापा. कोणता मालक शपथेवर काय बोलला, ते आम्हाला वाचू द्या.

उत्तराची वाट पाहतो. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक मराठी फुटबॉलप्रेमी