नवशिक्यांसाठी गटबाजी

गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडलंत की वेबसाइटचं प्रत्येक पान वेगळ्या ओळीत दिसतं. चकलीची कृती एका ओळीत, ‘चकली मऊ का पडते’ दुसऱ्या ओळीत, आणि तीच कृती पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आली म्हणून तिसऱ्या ओळीत. साहेबांना या ओळींशी देणंघेणं नसतं. ‘फराळ कसा चालला?’ एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून पानांचे गट पाडायचे.

आधी नावं ठरवायला बैठक बोलवा. चहा दोनदा सांगा, कारण प्रत्येक विभागाला आपलाच गट मोठा दिसायला हवा असतो. सर्वात सोपी युक्ती म्हणजे राशिभविष्य ‘संस्कृती’त घालणे. नाट्यपरीक्षणं लिहिणाऱ्यांना एका रात्रीत वाचक लाभतात. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नका. (पुढे याच आकड्यांवर जाहिरातदाराला दर सांगितला जातो, पण ते खातं वेगळं.)

मग कोणतं पान कोणत्या गटात जाईल याचे नियम. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये ते सेटिंगमध्येच लिहिता यायचे आणि एकाच वेळी पाच प्रकारच्या गटवाऱ्या ठेवता यायच्या. १ जुलै २०२३ पासून तिथे नवी नोंद होणं बंद झालं. आता त्याच्या जागी आलेल्या जीए-फोरमध्ये (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) पानाच्या नोंदीबरोबर ‘कंटेंट ग्रुप’ नावाची खूण पाठवावी लागते. बहुतेक जण ती गूगल टॅग मॅनेजरमधल्या रेजेक्स टेबलातून, म्हणजे पत्त्याचा नमुना आणि त्याचा गट अशा यादीतून, पाठवतात. हे टेबल वरून खाली वाचलं जातं आणि पहिला नियम जुळला की वाचन तिथेच थांबतं. एसटीत ज्याचा रुमाल आधी पडला त्याची सीट, तसंच. त्यामुळे ‘पत्त्यात रेसिपी असेल तर पाककृती’ हा ढोबळ नियम न विसरता सगळ्यात वर ठेवा. खालचा ‘दिवाळी’ गट मग ऐन दिवाळीतही रिकामा राहील आणि त्यावर आणखी एक बैठक घेता येईल.

मराठी वेबसाइटवाल्यांना एक खास सोय आहे. पानाचा पत्ता देवनागरीत असेल तर टॅग मॅनेजरला तो देवनागरीत मिळतच नाही. ‘चकली’त वेलांटी धरून चार खुणा, प्रत्येक खुणेचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांनी लिहायचा. म्हणजे चकली ३६ चिन्हांची होते. तुम्ही नियमात शुद्ध मराठीत ‘चकली’ लिहून ठेवलीत तर ती कशालाच जुळणार नाही. पत्ते रोमन लिपीत असले तरी निर्धास्त राहू नका. दिवाळी एका उपसंपादकाने ‘डब्ल्यू’ने लिहिलेली असते, दुसऱ्याने ‘व्ही’ने, आणि रजेवर गेलेल्या तिसऱ्याने ‘दीपावली’. दोघांना धरून आणा. तिसऱ्याची पानं कुठल्याच नियमात न बसल्याने ‘नॉट सेट’मध्ये जातील. या गटावर कुणाचाच दावा नसतो, तरी वर्षअखेरीस तोच सर्वात मोठा निघतो. माझ्या मते अहवालात आधी तोच बघावा. तो फुगलेला असेल तर बाकीचे तक्ते कितीही रंगीत असोत, त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

आता बेरीज. पान किती वेळा पाहिलं गेलं, हे आकडे खुशाल बेरजेला घ्या. वाचकांची बेरीज मात्र चालत नाही. एकाच बाईंनी चकली, शेव आणि अनारसे अशी तीन पानं उघडली तर त्या प्रत्येक पानावर एकदा मोजल्या जातात, पण गटात मिळून एकच. नवशिक्याने अर्थातच बेरीज करावी. आकडा फुगूनच येतो, आणि फुगलेल्या आकड्याचा हिशोब कुणी मागत नाही.

शेवटचं मात्र गमतीत घेऊ नका. गट मागे जाऊन लागत नाहीत. खूण पाठवायला लागाल त्या दिवसापासूनच नोंद होते. दिवाळीचा अहवाल हवा असेल तर गट दसऱ्याच्या आधी पाडा. लक्ष्मीपूजनाला पाडलेत तर त्याआधीचा सगळा फराळ ‘नॉट सेट’मध्येच राहील.