हौसेचं मोल, वॉटमध्ये

लंडनपासून वर टेम्स नदीच्या काठाकाठाने गेलं, की मार्लो, हेन्ली, रेडिंग अशा गावांतून शनिवारी भल्या पहाटे एका विशिष्ट जातीचे गृहस्थ रस्त्यावर दिसतात. गृहस्थ म्हणायचं ते सोयीसाठी. ह्या जातीत बायकाही भरपूर आहेत. वय पन्नाशीच्या आगेमागे, अंगाला घट्ट बसणारा लायक्राचा पोशाख, वरून जाकीट, आणि चेहऱ्यावर नुकतीच बेरीज जुळल्याचं समाधान. गाडी विजेवर चालणारी, लांबी ४.७ मीटर. टपावर एकट्याने वल्हवायची शर्यतीची होडी, उलटी घातलेली, लांबी ८.२ मीटर. म्हणजे पुढे-मागे मिळून साडेतीन मीटर होडी नुसती हवेत. हे ध्यान पाहून लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा मिरवतोय. दुसरा म्हणतो, हा वेडा आहे. हवेला कमीत कमी अडणारी गाडी निवडून घ्यायची आणि मग तिच्याच डोक्यावर ओंडका बांधायचा, ह्याला काय म्हणावं? माझ्या मते दोन्ही तट चुकतात. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो खरं, पण हे गृहस्थ आपल्या हौसेचं मोल वॉटपर्यंत काढून बसलेले असतात. किंबहुना मोल काढणं हीच त्यांची मूळ हौस. होडी आणि गाडी ही तिची दोन निमित्तं.

मिरवण्याचा आरोप आधी निकालात काढू, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये वल्हवणं हा पोटासाठी नदीवर राबणाऱ्यांचा धंदा होता आणि बड्या घरच्या पोरांचा खेळही होता, आणि ह्या दोघांचा एकमेकांना विटाळ होऊ नये ह्याची काळजी बड्या घरांनी फार मनापासून घेतली. १८३९ साली सुरू झालेल्या हेन्लीच्या शर्यतीत १८७९ पासून लेखी नियमच होता: कारागीर, यंत्रकामगार, मजूर हे ‘हौशी’ खेळाडू नव्हेत. १९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केलीचा अर्ज इथे नाकारला गेला. त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती हेही एक कारण होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हे, की तो गवंडीकाम करत होता. त्याच वर्षी त्याने अँटवर्पला ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं, आणि १९४७ साली त्याच्या मुलाने हेन्लीला येऊन नेमकी तीच शर्यत जिंकली. मजुरांना वगळणारं कलम १९३७ मध्ये गेलं. कलम जातं, ऐट मागे राहते. पण ती ऐट पाहायची असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात हेन्लीच्या हिरवळीवर जावं. तिथे रंगीत पट्ट्यांचे कोट घालून ती उभी असते, आणि तिचा पाण्याशी संबंध बहुतेक वेळा ग्लासातल्या बर्फापुरता उरलेला असतो. आपले गृहस्थ त्यांतले नव्हेत. मिरवायला प्रेक्षक लागतात, आणि पहाटे पाचला रस्त्यावर दूधवाल्याखेरीज कोणी नसतं. शिवाय ती शिडी पाहा. विजेच्या गाडीचं छप्पर बहुधा काचेचं, त्यावर बसवायच्या दोन आडव्या दांड्यांमधलं अंतर अगदी थोडं. तेवढ्या टेकूवर आठ मीटरची होडी ठेवली तर ती पुढे-मागे डुलायला लागते. म्हणून हे लोक दांड्यांवर ॲल्युमिनियमची लांब शिडी आवळतात आणि शिडीच्या दोन टोकांना झोळ्या लावून त्यात होडी निजवतात. लाखमोलाच्या गाडीवर रंगाऱ्याची शिडी चढवून कोणी मिरवल्याचं ऐकिवात नाही.

आता मुद्द्याचं. ह्या गृहस्थांचा हिवाळा पाण्यावर कमी आणि वल्हवण्याच्या यंत्रावर जास्त जातो. त्याला ते ‘अर्ग’ म्हणतात, आणि नाव घेताना आवाज थोडा खाली येतो. अर्गच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे असतात: पाचशे मीटरला लागणारा वेळ, आणि वॉट. ह्या दोन आकड्यांचं नातं क्रूर आहे. पाचशे मीटर दोन मिनिटांत काढायला २०३ वॉट लागतात. तेच पावणेदोन मिनिटांत काढायचे म्हटले, तर ३०२. वेळ वाचला पंधरा सेकंद, कष्ट वाढले दीडपट. कारण उघड आहे: पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याविरुद्ध लावायची शक्ती घनाने. शाळेत घन शिकलेले पुष्कळ असतात. तो मांड्यांतून आणि फुप्फुसांतून शिकलेले हेच. असा माणूस विजेच्या गाडीत बसतो आणि समोरच्या पडद्यावर त्याला पुन्हा तेच दिसतं. हवेचा नियम पाण्यासारखाच. ताशी ५६ मैलांवरून ७० मैलांवर गेलं, की वेग वाढतो सव्वापट, हवा कापायला लागणारी शक्ती मात्र जवळजवळ दुप्पट. होडी टपावर घेऊन सत्तरने जाणाऱ्या गाडीला साधारण २० किलोवॉट लागतात असं धरलं, तर गृहस्थांच्या मनात लगेच भागाकार होतो: दोनशे वॉटचे शंभर वल्हवणारे. शंभर माणसं घामाघूम होऊन आपल्याला वाहून नेत आहेत हे एकदा डोळ्यांसमोर आलं, की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप हलका होतो.

म्हणूनच दुसऱ्या तटाचं म्हणणं, की टपावर होडी बांधून हे गाडीचा मूळ हेतूच हरवतात, मला पटत नाही. इंग्लंडच्या मोटारवेवर जड ट्रकांना ५६ मैलांची वेसण असते. आपले गृहस्थ डावीकडच्या लेनमध्ये अशा एखाद्या ट्रकमागे, पण नियमाचं अंतर राखून, त्याच वेगाने निघालेले असतात. नॉटिंगहॅमच्या दोन हजार मीटरच्या सरोवरापर्यंत टेम्सकाठाहून सुमारे २०० किलोमीटर. सत्तरऐवजी छप्पन्नने गेलं तर फार तर अर्ध्या तासाचं नुकसान. शर्यत असते चार-साडेचार मिनिटांची. तिच्यात दोन सेकंद कमी व्हावेत म्हणून वर्षभर जिवाचं रान करणारा माणूस रस्त्यावर अर्धा तास आनंदाने सोडून देतो, ह्यात लोकांना विसंगती दिसते. मला सुसंगतीच दिसते: दोन्हीकडे तो सेकंद मोजत नाही, सेकंदाची किंमत मोजतो. त्यातून होडीचं वजन म्हणजे काहीच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते १४ किलोच्या खाली जाता कामा नये, आणि चांगली होडी तिथेच घुटमळते. तिची रुंदी जेमतेम फूटभर, आकार मुळातच अडथळा चुकवण्यासाठी घडवलेला. हवेला खरी अडवतात त्या दांड्या, पट्टे आणि ती शिडी. एरवी पेट्रोलच्या गाडीवर होडी बांधली तरी हवा तितकीच अडते. फक्त पन्नास लिटरच्या टाकीत साडेचारशे युनिट ऊर्जा खच्चून भरलेली असते आणि तिच्यातली बहुतेक इंजिनाच्या उष्णतेतच उडून जाते, त्यामुळे अशा उधळ्या घरात टपावरच्या खर्चाची नोंद कोण ठेवतो! ७५ युनिटांच्या बॅटरीत पेट्रोलच्या मापाने साडेआठ लिटरसुद्धा मावत नाहीत. पेन्शनरासारखं तिथे प्रत्येक दमडीचा जाब द्यावा लागतो, आणि जाब देण्याची संधी मिळाली की हे गृहस्थ खुलतात.

पट्ट्यांचंच घ्या. सपाट पट्टा ताणून बांधला की वाऱ्यात गुणगुणतो. त्याला मध्ये एक पीळ दिला की गप्प बसतो. इंजिनाच्या घरघरीत हे कोणाला ऐकू आलं नसतं. विजेच्या गाडीच्या शांततेत ते ऐकू येतं आणि सबंध प्रवास नासवतं. तेव्हा पीळ किती द्यावेत, एक की दोन, ह्यावर ह्या जातीत दोन पंथ आहेत. होडीच्या बाजूंना वल्ही टेकवायचे जे लोखंडी-ॲल्युमिनियमचे हात असतात ते सोडवून डिकीत जातात, आणि ते सोडवायला लागतो दहाचा पाना. जगातल्या कुठल्याही नदीकाठी दहाचा पाना वेळेवर सापडत नाही. ह्या एका बाबतीत हिशेबी आणि बेहिशेबी दोघेही सारखेच.

चार्जिंगच्या जागी ह्या माणसाची खरी परीक्षा होते. गाडी लावायची चौकट ४.८ मीटरची, वरची होडी ८.२. प्लग मागच्या बाजूला असेल तर गाडी मागे घेत लावायची, म्हणजे होडीची शेपटी सरळ चार्जरच्या छातीवर. म्हणून हे तिरके येतात, शेपटी दोन चार्जरांच्या मधून सरकवतात, आणि पुढचं टोक रस्त्यावर काढून उभे राहतात. त्या टोकावर सुरक्षेसाठी पांढरा रबरी चेंडू बसवणं सक्तीचं आहे; पाण्यात तो धडक सौम्य करतो, चार्जिंगच्या जागी तो कॉफी घेऊन मोबाइल बघत येणाऱ्याच्या कपाळाची वाट बघत असतो. ह्यावर कोणी कुरकुर केली की गृहस्थ कायद्याचा आधार घेतात, आणि गंमत म्हणजे आधार खरोखरच आहे. वाहनाच्या मागे दोन मीटरपेक्षा जास्त माल बाहेर आला तर पट्ट्यापट्ट्यांचे फलक लावावे लागतात. पण ‘केवळ वल्ह्यांनी चालणारी शर्यतीची होडी’ असेल, तर ३.०५ मीटरपर्यंत ती नीट दिसेल एवढं केलं की पुरतं. ब्रिटनच्या १९८६ च्या वाहन नियमांत ही सवलत आहे. कायदा लिहिणाऱ्यांत कोणीतरी ह्याच जातीचं बसलेलं असावं, असा माझा वहीम आहे.

मग क्लबातच होडी का ठेवत नाहीत? ठेवतात, पण शर्यत दुसऱ्या गावाला असते. क्लबचा ट्रेलर जातो की! जातो, पण तो आठ-आठ जणांच्या लांबलचक होड्यांचा, त्याची वेळ बहुमताने ठरणार, आणि एकट्याने वल्हवायची होडी माणूस घेतो तीच मुळात बहुमताला कंटाळून. दोन तुकड्यांत सुटणारी होडीही मिळते, म्हणजे साडेतीन मीटरचा प्रश्नच मिटला. इथे मात्र मी त्यांची वकिली करणार नाही. सांध्यामुळे होडी लवते आणि ताकद वाया जाते, असं ते ठामपणे सांगतात. पण आठ जणांची मोठी होडी सर्रास सांध्यांची असते आणि तिच्यात बसून लोक ऑलिंपिकला जातात. चार मिनिटांच्या शर्यतीत, पन्नाशीच्या मांड्यांना, तो सांधा जाणवणं अवघड आहे. हिशेबी माणसाचीही एखादी अंधश्रद्धा असतेच. वयाचा हिशेब मात्र त्यांच्या बाजूने चालतो. ह्या खेळात सत्ताविसाव्या वर्षी तुम्ही ‘मास्टर्स’ होता, वर्ग ‘ए’. पन्नाशीला ‘डी’, पंचावन्नला ‘ई’, साठीला ‘एफ’. वेगवेगळे वर्ग एकत्र धावले की वडील वर्गाला काही सेकंदांची सूट. वाढदिवसाला मनापासून खूश होणारी प्रौढ माणसं मला इथेच आढळली.

उरतो एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे: हा सगळा पैसेवाल्यांचा हिशेब झाला. खरं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागातला. पेट्रोल पंपावर काम केलेला हा पोरगा लष्करात गेला, तिथे वल्ही हातात आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तो तेरावा आला. घनाचा नियम त्याला ह्या गृहस्थांपेक्षा कितीतरी जास्त वेगाला आणि म्हणून कितीतरी जास्त खोल कळलेला असणार. पण होडी कुठल्या टपावर कशी बांधावी ही विवंचना त्याच्या वाट्याला आलेली दिसत नाही. होडी संस्थेची असली की तिची ने-आणही संस्थेची. तेव्हा ही जात उगवते ती होडी खाजगी मालमत्ता झाल्यावरच, हे मान्य केलंच पाहिजे. पैसा असल्याशिवाय हा हिशेब सुरू होत नाही. पण नुसत्या पैशाने तो होत नाही, कारण पैसेवाल्याला सोपा रस्ता उघडा आहे: मोठी डिझेल गाडी घ्यावी, सत्तरने जावं आणि पडदा बंद ठेवावा.

बॅटऱ्या मोठ्या झाल्या, चार्जर वाढले, की हे सगळं आपोआप संपेल असं काहींना वाटतं. संपणार नाही. रेंज वाढल्याबरोबर घरातलं दुसरं माणूस वल्हवायला लागतं आणि दोघांची होडी येते: वजन किमान २७ किलो, लांबी दहा मीटरच्या पुढे. ४.७ मीटरची गाडी वजा केली तर सव्वापाच मीटरहून जास्त होडी बाहेर. मागे ३.०५ मीटरची मर्यादा ओलांडली की पोलिसांना आगाऊ कळवावं लागतं आणि लक्ष ठेवायला सोबत एक माणूस न्यावा लागतो. माणूस घरचाच मिळालेला असतो. राहता राहिला पोलिसांना कळवायचा मजकूर, त्याचा मसुदा गुरुवारीच तयार असतो.