पांढऱ्या टाइल्सची कबुली

लीड्स, रविवार



आई, लेकानं विलायतेतल्या घराला छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स लावून घेतल्या, असं तू गेले चार महिने गंगापूर रोडभर सांगते आहेस. आता आधी कबुली देतो : ते आमचं बाथरूम आहे. तुमच्याशी व्हिडिओ कॉल फक्त तिथूनच लागायचा. मी टबाच्या काठावर, सूनबाई कमोडचं झाकण लावून त्यावर आणि चिमी कोरड्या टबात. मागची निळी शाल तुला आवडली होती, तो टॉवेल.

खाली दिवाणखान्यात बसलं की बाबा जांभई देता देता जे गोठायचे ते पाच मिनिटं हलायचे नाहीत. दोष अर्थात नाशिकला. "आजोबांकडे लाइट गेली असेल," असं मी चिमीला सांगायचो. पावसाळ्यात तर दुतोंड्या मारुती बुडाला असेल, इथवर माझी मजल गेली.

शेवटी नेटवाल्यांना फोन केला. बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. बाबा, तुम्ही गच्चीवर अँटेना फिरवायचात आणि मी खालून "आलं, आलं... गेलं!" ओरडायचो, त्यात याहून जास्त विज्ञान होतं. इथली लाल विटांची घरं जुन्या नाशकातल्या वाड्यांसारखी एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे शेजाऱ्यांच्या लहरीही आपल्याच घरात. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत, आणि अख्खी आळी 6 वर! मी 11 वर गेलो. काही फरक नाही. मायक्रोवेव्हही त्याच लहरींच्या आसपास चालतो म्हणून कॉलच्या वेळी पोहे गार खाल्ले. तरीही नाही. मग चाळीस पौंडांचा एक्स्टेंडर आणला. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता घंगाळाकडे येतो. तू भांडी बाजारातून घेऊन दिलेलं, ज्याच्या वजनापायी बाबांचा चिवडा विमानतळावरून परत गेला, तेच. राउटरच्या वायरी दिसायला वाईट म्हणून सूनबाईनं तो घंगाळात ठेवला होता आणि वर प्लास्टिकचा झेंडू पसरला होता. पाहुणे कौतुक करायचे.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी घंगाळ वर नेलं, राउटर जमिनीवर राहिला. त्या दिवशी दिवाणखान्यातून कॉल लावला तर तुझ्या नथीतले मोती मोजता येत होते! मी नेटवाल्यांना आभाराची ईमेलसुद्धा पाठवली. भाऊबीजेला सूनबाईनं घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं, जागेवर ठेवलं, राउटर आत. संध्याकाळी बाबा अनारसा तोंडाशी नेऊन गोठले.

चिमीनं घंगाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "फॅरडे." शाळेत नुकतंच झालं होतं. 1836 साली मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धातूनं मढवलेली बारा फुटी खोली उभी केली, बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि स्वतः आत जाऊन बसला. आत विजेचा मागमूस नाही. आमच्या राउटरच्या लहरीही तांब्यावर आपटून माघारी जात होत्या. मोकळं होतं ते फक्त घंगाळाचं तोंड, म्हणजे सरळ वर. वर लाकडी तक्तपोशी, आणि तिच्यावर बाथरूम.

चार महिने मी नाशिकला नावं ठेवत होतो आणि नाशिक माझ्याच दिवाणखान्यात झेंडू घालून बसलं होतं.

राउटर आता उघड्यावर आहे, वायरींसकट. सूनबाई त्या बाजूला बघत नाही. घंगाळ बाथरूममध्ये, म्हणजे त्याच्या हक्काच्या जागी गेलं.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, तुमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे सरकवलाय, तो पुढे घ्या. त्याच्यावरचा क्रोशाचा रुमालही काढा, आत तो तापतो. रुमाल आईनं विणलाय हे मला माहीत आहे, तेव्हा ती मंडळात गेली की काढा.