एका टेबलावर अख्खी बाजारपेठ

३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार अडकले. सहकारी बँका, ग्रामीण बँका, म्हणजे आपल्यासारख्यांच्याच. त्यातल्या एकाही शाखेचं कुलूप कुणी तोडलं नव्हतं. त्या सगळ्यांना कॉम्प्युटर सेवा पुरवणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही एकच कंपनी, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचा घाव बसला तो तिच्या यंत्रणेवर. लागण पुढे पसरू नये म्हणून देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्यातून तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली, पण धडा शिल्लक राहिला: आपला धंदा आपल्या कॉम्प्युटरवर नसतोच, तो दुसऱ्याच्या भरवशावर असतो.

भंडारा जिल्ह्यात हा दुसरा म्हणजे आपला कर सल्लागार. तुमसरची राईस मिल, भंडाऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान, साकोलीचं कृषी केंद्र, मोहाडीचा कोशाच्या कापडाचा व्यापारी, अशा कितीतरी जणांची टॅली, जीएसटीचे पासवर्ड आणि आधार-पॅनच्या प्रती एकाच टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेल्या असतात. मार्चअखेरीला घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवलेला असतो. पासवर्ड म्हणजे ऑफिसचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. खंडणीखोर टोळ्यांची सॉफ्टवेअरं असे उघडे दरवाजे इंटरनेटवर चोवीस तास चाचपत असतात. भंडारा नकाशावर कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असायची गरज नाही. ‘आम्ही लहान, आमच्या मागे कोण लागणार?’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

नोव्हेंबरातली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. धानाच्या गाड्या मिलच्या काट्यावर उभ्या आहेत. तिकडे सल्लागाराच्या ऑफिसात ऑपरेटर टॅली उघडतो, तर कंपनीच दिसत नाही. फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट चिकटलंय आणि शेजारी एक नवी फाइल आहे: अमुक दिवसांत क्रिप्टोत पैसे पाठवा. सीपीयूमागे धूळ खात पडलेली काळी हार्ड डिस्क, जिला सगळे ‘आपला बॅकअप’ म्हणायचे, तिचीही तीच गत. वर्षभर ती वायरीने जोडलेलीच होती.

आता काय गेलं ते मोजा. सरकारी धानाच्या भरडाईचा हिशेब, म्हणजे क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा तो. बारदान्याची नोंद. गिऱ्हाइकांची उधारी. सरकारचं येणंदेणं सरकारच्या दप्तरात सापडेल. उधारी मात्र कुठेच सापडणार नाही, आणि लहान धंदा तिथेच बसतो.

मोठेही बसतात. ब्रिटनची केएनपी ही मालवाहतूक कंपनी १५८ वर्षांची होती. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली, असं मानलं जातं. कंपनी बंद पडली आणि सुमारे ७०० जणांची रोजी गेली. आपल्याकडे मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीवर असाच हल्ला झाला, मुख्यालयापासून प्रादेशिक कार्यालयांपर्यंत कामं खोळंबली. काही सर्व्हरचे बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होते, म्हणून ते वाचले, असं तेव्हा महामंडळानेच सांगितलं.

वेगळ्या जागी ठेवलेलं वाचतं, हे वैनगंगेकाठच्या माणसाला कुणी शिकवायला नको. ऑगस्ट २०२० च्या पुरात ज्याने माल वेळेत माडीवर चढवला, त्याचाच वाचला. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कपाट हलत नाही.

तेव्हा हार्ड डिस्क दोन घ्या, आलटून पालटून वापरा. बॅकअप झाला की वायर काढा आणि एक डिस्क कायम घरी ठेवा. महिन्यातून एकदा त्या बॅकअपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली उघडून पाहा. उघडली नाही, तर तो बॅकअप नाहीच. दर शनिवारी उधारीची यादी छापून फाइलला लावा. रिमोट डेस्कटॉपची गरज संपली की बंद करा. फुकटचं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर घेऊ नका, कारण कित्येक रॅन्समवेअर त्याच वाटेने घरात येतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर अजून हिशेब चालू असेल तर बदला. हिशेब गेल्यावरच्या नुकसानापुढे हा खर्च काहीच नाही.

आणि घाव बसलाच तर? आधी नेटची वायर ओढा, वायफाय बंद करा. घाईने फॉरमॅट मारू नका. धमकीच्या पानाचा फोटो काढा, बिघडलेल्या एक-दोन फाइली जपून ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना सहा तासांत कळवायची असते, तेही करा. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’वर काही जातींच्या रॅन्समवेअरची चावी फुकट मिळते, पैशाचा विचार डोक्यात येण्याआधी तिथे पाहा. पैसे भरूनही फाइली परत मिळतीलच, याची हमी कुणी देत नाही. मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून बँक, ईमेल आणि जीएसटीचे पासवर्ड बदला. जीएसटी पोर्टलवरची विवरणपत्रं, ई-वे बिलं आणि बँकेचे उतारे जोडत गेलात, की खरेदी-विक्रीचा बराचसा हिशेब पुन्हा उभा राहतो.

कर सल्लागारांना एक गोष्ट रोखठोक सांगायची आहे. हल्ला झाला तर लपवू नका. त्याच दिवशी प्रत्येक अशिलाला फोन करा, कारण त्याचा पासवर्ड आता चोराच्या हाती असू शकतो. आणि दहा हजार पगाराच्या ऑपरेटरवर खापर फोडू नका. दार उघडं ठेवायचा निर्णय मालकाचा होता.

दुकानदारांनीही ‘ते सीए बघतील’ म्हणत हात झटकू नयेत. वार्षिक विवरणपत्राच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायची जबाबदारी जीएसटी कायद्याने धंदेवाल्यावर टाकली आहे. नोटीस येईल ती त्याच्याच नावाने.

हे एकेकट्याने निभणारं काम नाही. जिल्हा उद्योग केंद्र, राईस मिलवाले, व्यापारी आणि कर सल्लागार यांनी मिळून दरवर्षी धान खरेदीच्या हंगामाआधी एक दिवस ठरवावा. भाषणं नकोत. ज्याने त्याने आपली हार्ड डिस्क आणावी आणि सगळ्यांसमोर नव्या कॉम्प्युटरवर आपला हिशेब उघडून दाखवावा. ज्याचा उघडणार नाही, त्याला त्या दिवशी कळेल, आणि तेव्हा कुणी खंडणी मागत नसेल.

तोवर आपल्या कर सल्लागाराला आजच फोन करा. विचारा, कालपर्यंतचा आमचा डेटा तुमच्या कॉम्प्युटरखेरीज आणखी कुठे आहे? तो अडखळला, तर शनिवारी एक कोरी हार्ड डिस्क घेऊन त्याच्याकडे जा आणि तुमचा डेटा तिच्यात घेतल्याशिवाय उठू नका.