एका मशीनला दोन नारळ

भोसरी एमआयडीसीत एकाच मशीनला वर्षातून दोनदा नारळ फुटतो. पहिला 17 सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेचा. बिहार, बंगाल, ओडिशाकडची पोरं तो हक्काने फोडतात. दुसरा खंडेनवमीचा, झेंडूची माळ, हळदकुंकू घेऊन तो सांगली-साताऱ्याची मंडळी फोडतात. मशीन कुठल्याही देशातून आलेलं असो, टिळ्याला नाही म्हणत नाही.

विश्वकर्म्याचा दिवस सूर्याच्या कन्या संक्रांतीला धरून असल्याने त्याची तारीख सहसा हलत नाही. प्लॅनिंगवाल्यांचा म्हणूनच तो लाडका देव. खंडेनवमी तिथीने चालते आणि नेमकी डिस्पॅचच्या घाईत येऊन उभी राहते. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचाही दिवस, 1948 सालचा. त्यामुळे लातूर-नांदेडकडचा ऑपरेटर सकाळी झेंडावंदन उरकून कामावर येतो आणि दुपारी बिहारी हेल्परकडून बुंदीचा द्रोण घेतो. दोघांच्या कपाळाला कुंकू एकाच करंड्यातलं.

खरी गंमत सुट्टीची आहे. इथल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आणि खानदेशातली कानबाई देवी बसते श्रावणातल्या रविवारी! कान्हदेशची ही आई गुरुवारपर्यंत थांबायची नाही. रोट, पुरणपोळी, सोमवारची मिरवणूक सगळं वेळेवरच हवं. बिहारी मंडळींची छठ कार्तिक शुद्ध षष्ठीची. तिला तर वाराशी देणंघेणंच नाही. मग जळगावचा माणूस छपऱ्याच्या माणसाला गाठतो. ‘माझा रविवार तू काढ, तुझी छठ मी काढतो.’ सुपरवायझर रजिस्टरात फक्त नावं खालीवर करतो. संस्कृतीची देवाणघेवाण म्हणून परिसंवादांत जे चालतं, त्यापेक्षा मला हे रजिस्टर जास्त भरवशाचं वाटतं. छठला मोशीच्या इंद्रायणी घाटावर मावळत्या सूर्याला अर्घ्य दिलं जातं, तेव्हा कुणीतरी जळगावकर सेकंड शिफ्टला उभा असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात ठेकुआ येतो.

विश्वकर्म्याचा सप्टेंबर युरोपातही सणाचाच. तिथे 1991 पासून वारसा दिवस साजरे होतात, बहुतेक ठिकाणी याच महिन्यात. एरवी बंद असलेले राजवाडे, सरकारी वास्तू लोकांना आतून पाहू देतात. फ्रान्समध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाचं दारही उघडतं. चाकणला ज्यांचे कारखाने आहेत त्या जर्मनांकडेही हा दिवस असतो.

आपल्याकडे पूजेच्या दिवशी वर्कशॉपचं दार उघडतं. एरवी गेटच्या आत पाऊल न टाकलेली बायकामुलं नवे कपडे घालून येतात. नवरा जरा ताठ चालतो, कूलंटच्या वासात उभा राहून मशीन समजावून सांगतो. सगळं ऐकून झाल्यावर बायको विचारते, ‘एवढी बटणं कळतात, मग घरचा मिक्सर का नाही दुरुस्त होत?’