वर ब्रेकर, खाली सेल

मे महिना लागला की गावोगावच्या व्यापारी संकुलांना आपल्या डोक्यावर गच्ची आहे याची आठवण होते. आठवण करून देतात ते गेल्या पावसाळ्यात शेठजींच्या शालूंवर पडलेले डाग आणि दातांच्या डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये ठेवलेली बादली. मग मिटिंग बोलावली जाते. विषय एकच, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत : काम झालंच पाहिजे.

मतभेद फक्त केव्हा, एवढ्यावरच. शेठजींना लग्नसराईत नको. डॉक्टरांना सकाळी दहा ते एक नको आणि संध्याकाळी पाच ते नऊ नको. मधल्या वेळात क्लासवाल्या सरांची बॅच असते. पार्लरवाल्या ताईंना शनिवार-रविवार जमत नाही, मोबाईलवाल्याला धूळ जमत नाही. रात्री करावं तर मागच्या सोसायटीतले काका पोलिसांना फोन करायला टपलेलेच. अध्यक्ष सगळं कागदावर मांडतात, तेव्हा सर्वांच्या सोयीचा एकच मुहूर्त उरतो. सात जूननंतर, म्हणजे मृग लागल्यावर.

दुकान बंद ठेवायचं नाही, हे मात्र पक्कं. त्यात गैर काही नाही. भाडं थांबत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, पोरांचे पगार थांबत नाहीत. पण नेसलेलं धोतर चालता चालता रफू करून घ्यायचं, तर शिंपी हुशार लागतो आणि त्याची मजुरीही जास्त पडते. इथेच आपलं घोडं अडतं.

तीन कोटेशनं येतात, सगळ्यांत स्वस्त पास होतं. ते स्वस्त का, हे कुणी विचारत नाही. सिमेंट तेच, केमिकल तेच, मजुरीही उन्नीस-बीस. महागड्या कोटेशनमध्ये चार कलमं जास्तीची असतात : प्रवेशद्वारावर आणि जिन्यावर मजबूत तात्पुरतं छत, राडारोडा उतरवायला बंद नळी, उघडी गच्ची रोज संध्याकाळी झाकायची सोय, कामावर पूर्णवेळ सुपरवायझर. सभासद म्हणतात, ‘‘आम्हाला गच्ची दुरुस्त करायची आहे, मांडव घालायचा नाही.’’ टाळ्या पडतात. चारही कलमांवर लाल रेघ. गच्चीचा खर्च तसाच राहतो, खालून जाणाऱ्या माणसाचा तेवढा वाचतो.

मग एका सकाळी वर ब्रेकर सुरू होतो आणि खाली सेल. जुना कोबा फोडला की स्लॅब थरथरते, खालच्या छताचे पोपडे सुटतात, पंख्याच्या कपातून लाल माती गळते. गिऱ्हाईक वर बघतं. शेठ म्हणतात, ‘‘काही नाही, रिनोव्हेशन चालू आहे,’’ आणि पुढचा शालू उलगडतात.

राडारोड्याचं काय? लिफ्टमधून न्यायचा नाही, लिफ्ट गिऱ्हाइकांची. जिन्यातून न्यायचा नाही, जिन्यात क्लासची पोरं. नळी तर आपण मिटिंगमध्येच कापली. मग तो वरच कोपऱ्यात साचतो. आयएस ८७५ हे आपलं मानक माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वापरभार धरायला सांगतं, वावर नसलेल्या गच्चीवर त्याच्या निम्मा. कोब्याच्या तुकड्यांचा मीटरभर उंच ढीग चौरस मीटरला टनाच्या पुढे जातो. हे गणित पाचवीतल्या पोराला येईल, पण मुकादमाला कुणी विचारलेलं नसतं. तो ढीग बरोबर ‘एकावर एक फ्री’च्या पाटीच्या डोक्यावर रचतो.

काही संकुलं त्याहून हुशार. ती कोबा फोडतच नाहीत. ‘‘जुन्यावरच मारून द्या, आवाज नको.’’ दहा सेंटिमीटर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. तीन कमिट्या बदलल्या की तीन कोबे, आणि मधल्या थरांत अडकलेलं पाणी वेगळंच. ते एका कोपऱ्यात शिरतं आणि भलत्याच कोपऱ्यात टपकतं. मग जिथे टपकतं त्याच्या बरोब्बर वर पुन्हा कोबा.

मुळात गच्ची गळते का, याचा शोध घ्यायला कमिटी सहसा वर जात नाही. गेली असती तर पावसाळी पाइपांच्या तोंडाशी गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप आणि कबुतरांचा संसार सापडला असता. एसीच्या आउटडोअर युनिटांसाठी, जाहिरातीच्या फलकासाठी, सोलरच्या स्टँडसाठी ठोकलेले बोल्टही दिसले असते. मोबाईल टॉवरचं भाडं कमिटीच्या खात्यात जमा होतं, टॉवरच्या बोल्टमधून शिरणारं पाणी डॉक्टरांच्या बादलीत. हिशेब दोन वह्यांत असल्यामुळे कुणाला लागत नाही.

इथवर हसून घेता येतं. सिलिंडर वर चढला की हसू आवरावं.

डांबरी मेम्ब्रेनचे रोल गॅसच्या ज्वाळेने तापवून चिकटवतात. पत्र्याच्या शेडचं काम असेल तर वेल्डिंग आणि ग्राइंडर. खाली दुकानात फॉल्स सीलिंग असतं, त्यावर वायरींचं जंजाळ, थर्माकोल आणि दहा वर्षांची धूळ. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी टर्मिनलच्या डोक्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्याचं वेल्डिंग चालू होतं, खाली प्रवाशांची नेहमीची वर्दळ. वितळलेल्या धातूचे थेंब सांध्यातून खाली उतरले आणि आतल्या थर्माकोलच्या थरावर पडले. आग छताच्या पोकळीत पसरत राहिली, त्यामुळे खालच्यांना ती सुरुवातीला दिसलीच नाही. १७ माणसं गेली, काही लिफ्टमध्ये, काही लाउंजमध्ये. जर्मनीत! जिथे खिळा ठोकायलाही नियम असतो, असं आपण कौतुकाने सांगतो, तिथे.

लांबचं वाटत असेल तर राजकोट घ्या. २५ मे २०२४, शनिवार, शाळांना सुट्टी, गेमिंग झोनमध्ये ९९ रुपयांत प्रवेशाची ऑफर. आत पोरंबाळं खेळताहेत आणि त्याच इमारतीत वेल्डिंग चालू. ठिणग्या जळाऊ सामानावर पडल्या. पंचवीसहून जास्त जीव गेले, त्यांत मुलंही होती. वेल्डिंग करायला तेवढे तास दार बंद ठेवलं असतं, तर ऑफरचं किती नुकसान झालं असतं? आकडा फार मोठा नसावा.

यावरचा उपाय काही गुपित नाही. ज्वाळेचं काम करायचं तेव्हा त्याच्या बरोब्बर खालचा भाग रिकामा ठेवायचा. काम थांबल्यावर निदान तासभर एक माणूस अग्निशामक घेऊन तिथेच थांबवायचा, वरही आणि खालीही. त्या माणसाची तासाची मजुरी किती होते? शेठजी एका गिऱ्हाइकाला तेवढ्याचं सरबत पाजतात.

चालू इमारतीचं छत बदलता येतच नाही, असं मात्र नाही. एडिनबरोच्या वेव्हर्ली स्टेशनचं काचेचं छत साधारण पंधरा वर्षांपूर्वी बदललं. सुमारे ३४ हजार चौरस मीटर काच, आणि खालून गाड्या धावतच होत्या. छताखाली कामाचा भक्कम मंच बांधत न्यायचा. कामगारांची ती जमीन, प्रवाशांचं ते छत. हातातून निसटलेला पाना तिथेच अडतो, कुणाच्या टाळक्यात बसत नाही. एक भाग संपला की पुढचा. म्हणजे आपल्या सभासदांनी टाळ्या वाजवून उडवला, तो मांडवच तिथे आधी घातला होता.

आपल्याकडे एवढं नको. पण दिवसभरात जेवढी गच्ची संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढीच उघडावी, एवढं तरी? ठेकेदाराला हे पटत नाही. त्याची माणसं आज आहेत, उद्या दुसऱ्या साइटवर. तो पहिल्याच दिवशी सगळी गच्ची उघडून ठेवतो, म्हणजे काम आपल्याकडून सुटत नाही. मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव येतो. निळी ताडपत्री बाजूच्या झाडावर जाऊन बसते, मुकादमाचा फोन स्विच ऑफ आणि शेठजी गल्ल्यावर छत्री धरून उभे. सकाळी दारात पाटी लागलेली असते : ‘दुरुस्तीचे काम सुरू आहे. दुकान नेहमीप्रमाणे चालू राहील.’

तुमच्याही संकुलाची मिटिंग आता असेलच. कोटेशनवर सही करण्याआधी ठेकेदाराकडून एवढं लिहून घ्या : रात्री अकरा वाजता पाऊस आला तर गच्ची झाकायला कोण येणार, त्याचं नाव आणि मोबाईल नंबर. आणि तो नंबर मिटिंगमध्येच लावून बघा.